गोठ्यातल्या पोत्याला बुरशी, दुधात विष

महोदय,

पाऊस लागला की शिराळा, पाटण, जावळी भागात ‘यंदा पेंड खराब आली’ ही तक्रार हमखास सुरू होते. पुष्कळदा पेंड चांगलीच आलेली असते, बिघडते ती आपल्याकडे ठेवल्यावर. पशुखाद्यासाठीच्या आयएस २०५२ या भारतीय मानकानुसार गोळी पेंडीत ओलावा जास्तीत जास्त ११ टक्के असावा. तो १४-१५ वर गेला की बुरशी धरते.

कोब्यावर ठेवलेल्या पोत्याला खालून ओल चढते, भिंतीला टेकवलेल्याला बाजूने. छपराच्या पत्र्याकडे मात्र कुणाचे लक्ष नसते. जनावरांच्या श्वासाची वाफ पहाटे गार पत्र्याला लागते, तिचे थेंब होऊन वरच्या पोत्यांवर टपकतात. त्यावर प्लॅस्टिकचा कागद गच्च गुंडाळला तर आतली दमट हवा कोंडते आणि बिघाड वाढतो. पेंड शक्यतो गोठ्याबाहेरच्या कोरड्या खोलीत ठेवावी. खाली वीतभर उंच लाकडी फळ्या, भिंतीपासून दीड फूट अंतर. जुने पोते आधी संपवावे. पावसाळ्यात पंधरा-वीस दिवसांपुरतीच खरेदी करावी. जत, माणच्या कोरड्या हवेत थोडी जास्त चालते.

घरचा मका एकदम भरडून ठेवू नये. फुटलेला दाणा लवकर बुरशीला येतो आणि त्यातले तेल खवट होते. आठवड्यापुरताच भरडावा. मका वाळला की नाही, हे मिठावरून कळते: कोरड्या काचेच्या बाटलीत दोन-तीन चमचे कोरडे मीठ घ्या, पाव बाटली मका घाला, बूच लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटे ठेवा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, अजून ऊन द्या. भरलेल्या पोत्यात मधूनमधून कोपरापर्यंत हात घालावा. मध्यभागी ऊब लागली, ढेकळे लागली किंवा कुबट वास आला, तर ते पोते बाजूला काढावे.

अशी पेंड उन्हात वाळवून चांगलीत मिसळतात किंवा भाकड जनावराला घालतात. वास कमी होतो, पण विष गेले असे समजू नये. बुरशीतले अफ्लाटॉक्सिन बी-१ हे विष भाकड जनावराचेही यकृत बिघडवते. दुभत्या जनावराने खाल्ले तर एक-दोन दिवसांत ते एम-१ रूपात दुधात उतरते आणि दूध उकळूनही जात नाही. दुधातल्या एम-१ ची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ पैकी ३६८ नमुने तिच्या वर निघाले. हे दूध लहान मुले पितात. बुरशी लागलेली पेंड खड्ड्यात पुरावी, नुकसान सोसावे.

दूध संस्थांनीही आपल्या गोदामात फळ्या टाकाव्यात, उत्पादनाची तारीख स्पष्ट वाचता येईल अशीच पोती घ्यावीत आणि जून ते सप्टेंबर सभासदांना पेंड महिन्यातून दोनदा, थोडी थोडी द्यावी.

– एक पशुवैद्यक, शिराळा, जि. सांगली