गेम बनवायला शिकवताय? मग आधी संजीवनी शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीच्या खेळांना उत्तेजन द्यायचंही म्हटलं आहे. तेव्हापासून ‘मुलांनी गेम नुसते खेळू नयेत, बनवावेत’ हे वाक्य भाषणांतून सारखं कानावर पडतं. बनवू देत की! फक्त शिकवताना कबड्डी-खोखोची नियमपुस्तिका शेजारी ठेवा, एवढंच माझं म्हणणं. मी शाळेत खेळाचा शिक्षक होतो, निवृत्तीनंतरही जिल्ह्यातल्या कबड्डी सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो.

कबड्डीचे जुने प्रकार तीन. गामिनीत बाद झालेला गडी डाव संपेपर्यंत बाहेर. अमरमध्ये बाद झाला तरी आतच, नुसते गुण मोजायचे. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक आत. स्पर्धांमधून टिकली ती संजीवनी, आणि ती का टिकली हे शाळेच्या मैदानावर एका तासिकेत दिसतं. आठवीच्या पोरांना गामिनी खेळवा. थोड्याच वेळात निम्मी पोरं रेषेबाहेर बसून एकमेकांच्या चपला लपवत असतात. आणि बसलेली बहुतेक कच्ची, म्हणजे ज्यांना खेळायची सर्वांत जास्त गरज तीच. अमर लावलं तर बसत कुणी नाही, पण बाद होण्याची धास्तीच जाते. चढाईवाला बिनधास्त घुसतो, पकडणारेही अंग चोरतात. संजीवनीत मात्र बाहेर बसलेला पोरगा घसा फोडून ओरडत असतो, कारण त्याचं आत येणं आतल्या गड्यांच्या हातात असतं. शिवाय जो आधी बाद, तो आधी आत. त्यामुळे वशिला नाही.

आता फोन उघडा. कँडी क्रशमध्ये पाच जीव. संपले की अर्ध्या तासाला एक परत मिळतो. घाई असेल तर पैसे भरा, नाहीतर मित्राकडे मागा. गेलेला जीव परत देण्याची युक्ती दोन्हीकडे तीच. कबड्डीत तो सोबत्याच्या खेळातून येतो, इथे घड्याळातून नाहीतर खिशातून.

गेल्या उन्हाळ्यात एका संस्थेच्या गेम-शिबिरात बसायचा योग आला. पडद्यावर यादी होती: रोजचं बक्षीस, सलग दिवसांची साखळी, ‘परत या’ म्हणून आठवण करणारा संदेश. पोरांनी निमूट उतरवून घेतली. यातून खेळणाऱ्याला काय मिळतं आणि विकणाऱ्याला काय, हे ना कुणी विचारलं, ना सांगितलं.

पिछाडीवरच्याला हात कसा द्यायचा, तेही कबड्डीनं फार हुशारीनं सोडवलंय. कोर्टात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले आणि त्यांनी चढाईवाल्याला धरलं, तर एक गुण जादा. मागे आंतरशालेय सामन्यात मुलींच्या एका संघात दोघीच उरल्या होत्या, लोण पडायच्या, म्हणजे सगळा संघ बाद व्हायच्या बेतात. चढाईवालीनं कोपऱ्याकडे पाय टाकला आणि कोपऱ्यातल्या बारक्या मुलीनं खाली झेपावून तिचा घोटा धरला. धरला तो सोडलाच नाही. दुसरीनं धावत येऊन कमरेला मिठी मारली. दोन गुण, आणि एक मैत्रीण आत. फुकट काहीच मिळालं नव्हतं; नियमानं फक्त त्या पकडीची किंमत वाढवून ठेवली होती. माझा नातू फोनवर गाड्यांची शर्यत खेळतो, त्यात मागे पडलेल्या गाडीला आपोआप वेग मिळतो. ते त्याला कळतं, त्यामुळे जिंकला तरी तो खूश नसतो.

बोनस रेषेचंही, म्हणजे समोरच्यांच्या अंगणात आत आखलेल्या, ओलांडली की चढाईवाल्याला गुण देणाऱ्या रेषेचंही तसंच. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच बोनस. म्हणजे भरल्या कोर्टात आत शिरायची हिंमत केली तरच गुण. आणि त्या गुणावर आपला गडी जिवंत होत नाही. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर बाद. वेळकाढूपणावर याहून सोपा उपाय मला तरी माहीत नाही.

खोखोत तर ताकदवान बाजूचेच पाय बांधलेत. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं त्याचे नियम बांधायला घेतले. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की मागे वळायचं नाही, दोन खांबांमधली मध्यरेषा ओलांडायची नाही. पळणारा कसाही पळो. बदल्यात पाठलागवाल्याला आठ बसलेले सोबती आणि ‘खो’. त्याला एक दिवस वळू द्या, खोखोची शिवाशिवी होते.

म्हणून विनंती अशी, की गेम बनवण्याच्या प्रत्येक अभ्यासक्रमात संगणक सुरू करण्याआधी एक आठवडा मैदानावर काढावा. रोज एकच नियम बदलायचा, खेळायचं, आणि बाहेर कोण बसलं, कोण कंटाळलं, कोण चिडलं ते वहीत लिहायचं. त्यासाठी १३ बाय १० मीटर जागा, थोडी फक्की आणि चौदा पोरं लागतात. मॅट नसली तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक व कबड्डी पंच, चिपळूण