पासिंगचा काळा रंग आणि हाउसिंगचं ऑइल

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पावसाची पहिली सर आली की तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक छोटी बातमी हमखास असते, अमुक उतारावर रस्त्यावर ऑइल, दुचाक्या घसरल्या, लोकांनी माती टाकली वगैरे. नाव पावसाचं होतं. पण ते ऑइल काय आभाळातून पडत नाही साहेब, आमच्याच गाड्यांखालून पडतं, आणि मागच्या वर्षी त्यातलं थोडंफार माझ्या गाडीचं पण होतं म्हणून हे पत्र लिहितोय.

माझी सहा टायर गाडी आहे, मालाचा ट्रक, ११ वर्षं जुनी. कांद्याच्या सीझनला पिंपळगाव-लासलगाववरून वाशी आणि बाकी वेळेला अंबड-सातपूरचा जो माल मिळेल तो. आठ वर्षांच्या पुढं गाडी गेली की दरवर्षी पासिंग लागतं, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायच्या लायकीची आहे का ती आरटीओची तपासणी, आणि पासिंग म्हटलं की आपल्याकडं काय करतात ते सगळ्यांना माहितीये, पत्रा ठोकायचा, रेडियम लावायचं, आणि खालून चेसीला काळा रंग मारून घ्यायचा म्हणजे गाडी कशी एकदम ठणठणीत दिसते. मी पण मारला. रंगवाल्या पोरानं गन घेतली आणि जे जे खाली दिसलं ते सगळं काळं करून टाकलं, चेसी, पाटे, हाउसिंग (मागच्या चाकांच्या मधला लोखंडी डबा, आत गिअर आणि ऑइल असतं तो), सगळं. गाडी पास झाली. एकाही माणसानं बॅटरी घेऊन खाली वाकून बघितलं नाही, माझी गाडी होती म्हणून तेव्हा मला पण बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

तीन आठवड्यांनी हाउसिंगच्या तोंडाशी, जिथं जॉइंट, म्हणजे गिअरबॉक्सकडून फिरत येणारा दांडा, फ्लँजच्या चकतीला येऊन बसतो ना, तिथं ओल दिसायला लागली. पेनियनचं सील (हाउसिंगमधल्या छोट्या गिअरच्या तोंडाशी ऑइल अडवणारी रबरी कडी) गेलं म्हणून मिस्त्रीनं नवीन टाकलं. दहा-बारा दिवसांत परत ओलं. तर म्हणे लोकल सील होतं, ओरिजिनल टाक. ओरिजिनल टाकलं. ते पण गेलं. दर वेळेला गाडी दिवसभर उभी, दर वेळेला नव्वद नंबर गिअर ऑइल वरून ओता, आणि मधल्या काळात मी आपला "थोडं वलं आहे, चालतंय" म्हणत मुंबईच्या फेऱ्या मारतोय. हे "चालतंय" आपल्या लाइनमधला सगळ्यात महागडा शब्द आहे.

एकदा भिवंडीहून माल भरून येताना कसारा घाट चढलो आणि इगतपुरीजवळ चहाला थांबलो तर खाली उतरल्या उतरल्या तो वास. ज्यानं एकदा घेतलाय तो विसरत नाही, सडक्या अंड्यासारखा, कारण हाउसिंगमधल्या क्राऊन-पेनियन या दोन गिअरचे दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत तर घसरत पण जातात आणि तो दाब सहन करायला त्या ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसवालं केमिकल घातलेलं असतं, डब्यावर जीएल-५ लिहितात तेच. (जाता जाता, दुकानदार स्वस्तातलं जीएल-४ हातात देतो, ते गिअरबॉक्सला ठीक, हाउसिंगला घेऊ नका.) खाली वाकून बघितलं तर जॉइंट फिरतो तसं ऑइल गोल उडून बॉडीच्या फळ्यांना, स्टेपनीला, सगळीकडं बारीक बारीक ठिपके. आणि मागं सगळा घाट मी तसाच आलेलो. म्हणजे जे फळीवर होतं त्यापेक्षा जास्त रस्त्यावर होतं, आणि माझ्यामागं किती मोटारसायकलवाले होते ते मी आरशात बघत आलो होतो.

आडगाव नाक्याला एक म्हातारे मिस्त्री आहेत, नाना म्हणतात सगळे. त्यांच्याकडं नेली गाडी, गरमच होती. मला वाटलं आता चौथं सील. तर नाना सीलकडं बघेचनात. म्हणाले, "ऑइल भरायच्या फिलरचा बोल्ट हळूच सैल कर, पण तोंड बाजूला घे रे भो." आटे थोडे सुटले आणि सोड्याची बाटली फोडल्यासारखं फुस्स झालं. नाना हसले. मग हाउसिंगच्या वरच्या अंगाला हात घालून बोटानं काहीतरी चाचपलं आणि मला विचारलं, "रंग कुणी दिला रे?"

तर गोष्ट अशी की हाउसिंगवर एक छोटी टोपी असते, ब्रीदर म्हणतात, ती बोटानं फिरवली की सैल फिरली पाहिजे. घाटात हाउसिंग तापतं, आतली हवा फुगते, ती तिथून बाहेर जाते. माझ्या टोपीवर रंगाचा जाड थर बसून ती जाम. हवेला वाट नाही मग ती कच्ची जागा शोधते, आणि कच्ची जागा म्हणजे सीलची रबराची पातळ कड. तिथून दाबानं ऑइल बाहेर. मी तीन महिने सीलला शिव्या घातल्या, आणि पासिंगच्या नावानं टोपी बुजवून घेतली होती मीच, वरून रंगाचे पैसे पण दिले होते. शेतातल्या नाहीतर क्रशरच्या गाड्यांना हीच टोपी चिखलानं बुजते, तेव्हा सील बदलायच्या आधी ती बघा.

पण नानांनी तिथंच सोडलं नाही. चाकांना पुढंमागं दगड लावले (जॉइंट सोडला की गिअरमध्ये टाकलेली गाडी पण धरत नाही, हे नवीन पोरांना सांगून ठेवा), जॉइंट आणि फ्लँजवर समोरासमोर खूण केली म्हणजे परत तसाच बसेल, मग जॉइंट उतरवून फ्लँज हातात धरून वरखाली हलवून बघितला. बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) असेल तर सोन्याचं सील टाका, गळणारच. माझ्यात प्ले नव्हता. फ्लँज काढला आणि मला म्हणाले नख फिरव. सीलची कड जिथं घासते तिथं नख अडकलं, बारीक खाच पडलेली. नवीन सील त्याच खाचेत बसत होतं. फ्लँज बदलला. आणि पहिल्या मिस्त्रीनं सील छन्नीनं एका बाजूनं ठोकलेलं, त्याचा पत्रा वाकलेला, ते पण दाखवलं. नानांकडं सीलच्या मापाचा पाइपचा तुकडा आहे, तो वर ठेवून सगळीकडनं सारखं बसवतात, स्प्रिंगची बाजू आत, कडेला बोटानं ऑइल लावून, कोरडं कधीच नाही. नटला आधीच पंच मारून खूण करून ठेवलेली, आणि घट्ट करताना टॉर्क रेंचनं कंपनीच्या मापाला, पाइप लावून दोन माणसं लोंबकळून नाही. ऑइल सपाट जागेवर गाडी उभी करून फिलरच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत, जास्तीचं गेलं तर ते पण बाहेर यायला बघतं.

पेनियनचं सील निदान गळताना दिसतं तरी. मागच्या हबचं (चाकाच्या मधल्या भागाचं) सील गेलं तर ऑइल ब्रेकच्या ड्रमच्या आत जातं, लायनरवर म्हणजे ड्रमला घासून गाडी थांबवणाऱ्या पट्टीवर, आणि बाहेरून फक्त टायरच्या आतल्या बाजूला काळा ओघळ दिसतो. ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. त्यावर आपले लोक काय करतात तर लायनर डिझेलमध्ये धुवून परत बसवतात, गार असताना ब्रेक बरा लागतो, कसारा उतरायला लागला आणि ड्रम तापला की लायनरच्या पोटात गेलेलं ऑइल परत वर येतं. असले लायनर फेकायचे असतात साहेब, दोन्ही बाजूचे.

आता तुमच्या पेपरातून दोन-तीन गोष्टी जाव्यात असं वाटतं. पासिंगला गाडी बघणाऱ्यांनी रंग बघू नये, एकदा बॅटरी मारून हाउसिंगच्या तोंडाला आणि हबच्या आतल्या अंगाला बोट लावून बघावं, ताजं काळं हाउसिंग दिसलं तर उलट जास्त बघावं. रंगवाल्यांना मालकांनी सांगावं की ब्रीदरवर आधी चिंधी बांध आणि मग मार. (आणि रंगानंतर ती चिंधी काढायला विसरू नका, तसला पण एक महाभाग आमच्यात निघाला.) आणि गळकी गाडी पासिंगच्या आदल्या रात्री डिझेलनं धुतात ते पाणी कुठं जातं? पंचवटीत धुतली तर वाघाडीत, द्वारकेकडं धुतली तर नासर्डीत, आणि दोन्ही शेवटी गोदावरीत. सिंहस्थ तोंडावर आहे, घाट धुवायचे ठराव होतायत, पण आमच्या गाड्या जिथं उभ्या राहतात तिथं जळकं ऑइल टाकायला एक पिंप कुणी ठेवत नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडतं, तरी गॅरेजवाला काय करणार, मातीत ओततो. पिंप ठेवा, महिन्याला उचला, आणि मोठ्या उतारांच्या तोंडाशी वाळू-भुश्याच्या दोन गोण्या कायम असू द्या, इतकंच मागणं आहे.

मी आता केबिनमध्ये पुठ्ठा ठेवतो, चहाला थांबलो की हाउसिंगखाली सारायचा आणि निघताना बघायचा. आठ महिने झाले, कोरडा आहे. परवा घोटीला एक डाग दिसला आणि पोटात गोळाच आला, उचलून वास घेतला तर क्लीनरनं सांडलेला चहा होता.

आपला,
एक गाडीमालक, आडगाव नाका, नाशिक