सोमवारी पैसे पाठवू नकोस

झिझकोव्ह, प्राग
गुरुवार, रात्री उशिरा

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज दुपारी ट्राममध्ये वाचला. "फ्लॅट मिळाला रे, सोमवारी डिपॉझिट पाठवतोय" आणि खाली तीन फोटो. घरी आल्यावर ते मोठे करून पाहिले. लाकडी जमीन, उंच छत, खिडकीत फुलांच्या कुंड्या, सोफ्यावर मांजरसुद्धा. विनोह्राडीसारख्या महागड्या भागात दोन खोल्या आणि स्वयंपाकाचा ओटा, भाडं १४,००० कोरुना (इथलं चेक चलन). इथे राहणाऱ्या कुणालाही दाखवलंस तर तो आधी हसेल. एवढ्या पैशांत त्या भागात तीन अनोळखी पोरांबरोबरची एक खोली मिळते.

मालक डॉक्टर आहे, सध्या नॉर्वेत असतो, म्हणून फ्लॅट दाखवू शकत नाही. तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं मिळून ५६,००० त्याच्या खात्यावर गेले की किल्ल्या कुरिअरने येणार. हा डॉक्टर मला ओळखीचा आहे. मी आलो तेव्हा तो इंजिनिअर होता आणि लंडनला असायचा. माझ्या ऑफिसातल्या एका मुलीला भेटला तेव्हा विधुर होता आणि धर्मगुरूंबरोबर आफ्रिकेत काम करत होता. किल्ल्या मात्र दर वेळी कुरिअरनेच.

त्याला तुझ्यासारखी माणसं नेमकी का सापडतात, तर व्हिसाच्या अर्जाबरोबर इथल्या राहण्याच्या जागेचा कागद जोडावा लागतो. म्हणजे देशात पाऊल ठेवण्याआधीच घर हवं, आणि पाऊल ठेवल्याशिवाय घर बघता येत नाही. या अडचणीत सापडलेला माणूस मांजराचा फोटो पाहून विरघळतो. त्यात भर म्हणजे त्या कागदावर मालकाची सही साक्षांकित लागते, आणि ती करून घ्यायला खऱ्या मालकाला पोस्टात किंवा नोटरीकडे ओळखपत्र घेऊन उभं राहावं लागतं. तुझ्या डॉक्टरला एवढंच विचार: "सही साक्षांकित करून कधी पाठवता?" मग नॉर्वेतून उत्तर यायला किती दिवस लागतात ते बघ.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, तर "बघू रे" म्हणून तू विषय बदलला असतास. म्हणून लिहायला बसलो. आणि पक्या इतका संशयी कधीपासून झाला असं मनात येईल, म्हणून आजवर कुणाला न सांगितलेली माझी फजितीही सांगून टाकतो.

पहिल्या वर्षी व्हिएन्नाहून परत आलो, तेव्हा खिशात १०० युरोची एक नोट उरली होती. वात्स्लाव्स्के नामेस्तीवर, म्हणजे तुझ्या नकाशावरच्या वेन्सेस्लास स्क्वेअरवर, एका मनी चेंजरच्या खिडकीपाशी भाव वाचत उभा होतो. बाहेर भल्या मोठ्या अक्षरांत "शून्य टक्के कमिशन" आणि आत युरोला १७ कोरुना. खरा भाव २५ च्या आसपास. कमिशन कशाला घेतील, कापून घ्यायचं ते भावातच कापलेलं! मी नाक मुरडलं, आणि तेवढ्यात मागून एक सभ्य गृहस्थ म्हणाला, "हे चोर आहेत. मी २५ देतो." चोराला चोर म्हणणारा माणूस आपल्याला लगेच आपला वाटतो. त्याने एक २००० ची आणि एक ५०० ची नोट हातात ठेवली, दोन्ही कोऱ्या करकरीत. मी आकडे वाचले, मान डोलावली, आणि आपण किती हुशार या आनंदात दूध-अंडी घ्यायला गेलो.

काउंटरवरच्या बाईंनी नोट उजेडात धरली, मग माझ्याकडे पाहिलं. "तो सोउ फोरिंती." हे फोरिंट आहेत. हंगेरीचं चलन. एका कोरुनाला पंधरा-सोळा फोरिंट येतात, म्हणजे माझे २५०० साधारण १६० कोरुनांचे. दूध-अंड्यांचेसुद्धा जेमतेम निघाले असते, पण ते दुकान फोरिंट घेत नव्हतं.

नंतर घरी बसून खऱ्या नोटा नीट पाहिल्या. चेक २००० वर एमा डेस्तिनोवा ही ऑपेरा गायिका आहे आणि ५०० वर बोझेना नेम्त्सोवा ही लेखिका. दोन्ही बायका. माझ्याकडच्या दोन्ही नोटांवर मिशीवाले हंगेरियन सरदार! आकडा वाचण्याऐवजी एकदा चेहरा पाहिला असता, तर शंभर युरो वाचले असते. (तो गृहस्थ एका अर्थी दयाळूच. त्याचे भाईबंद बेलारूसचे जुने रूबल देतात. २०१६ मध्ये त्या देशाने चलनावरची चार शून्यं उडवली, आणि आता त्या जुन्या नोटा रद्दीत जमा आहेत.)

पोलिसांत गेलो. हवालदार चांगला होता, इंग्रजी बोलायचा प्रयत्नही केला त्याने. पण इथे नुकसान ठरावीक रकमेच्या खाली असलं, तर तो गुन्हा न होता किरकोळ प्रकरणात जमा होतो. २०२० मध्ये ती मर्यादा ५,००० वरून १०,००० कोरुना केली. माझे गेले होते अडीच हजार. बाहेर पडताना डोक्यात आलं की त्या गृहस्थाला ही मर्यादा माझ्यापेक्षा चांगली पाठ असणार.

पण सूडही घेतला हं मी, वेगळ्याच माणसावर. पुढच्या उन्हाळ्यात माझी मावसबहीण फिरायला आली. मी ऑफिसात असताना तिने पर्यटकांच्या गर्दीतल्या एका खिडकीवर ३०० युरो बदलले आणि ५,१०० कोरुना घेऊन आली. साडेसात हजार यायला हवे होते. रडवेली झाली होती. मी विचारलं, "पावती आहे? किती वाजता बदललेस?" दीड तास झाला होता. इथे १ एप्रिल २०१९ पासून असा नियम आहे (तारखेवर जाऊ नकोस, नियम खरा आहे) की परवानाधारक मनी चेंजरकडे केलेला व्यवहार, १००० युरोपर्यंतचा असेल तर, तीन तासांच्या आत रद्द करता येतो. कारण सांगावं लागत नाही. तरी खिडकीतल्या पोराने विचारलंच, "का?" मी म्हणालो, "कारण सांगावं लागत नाही." बंड्या, हे वाक्य मी ट्राममध्ये पाच वेळा चेकमध्ये घोकलं होतं. मुकाट्याने फॉर्म आणि ३०० युरो बाहेर आले. माझ्या फोरिंटवाल्याला मात्र हा नियम लागू नव्हता. रस्त्यावरच्या माणसाकडे कुठला परवाना आणि कुठली पावती!

बाकीचं थोडक्यात. एटीएम किंवा कार्डाचं मशीन "तुमच्या चलनात पैसे घेऊ का?" असं प्रेमाने विचारतं, तिथे नेहमी कोरुना निवड. ओल्ड टाउन स्क्वेअरवर भाजलेलं हॅम शंभर ग्रॅमच्या भावाने लिहिलेलं असतं आणि ताटात न विचारता तीन-चारशे ग्रॅम पडतं, म्हणून आधी वजन सांग. टेबलावर आपोआप येणारी पावाची टोपली फुकट नसते. आणि ट्रामचं कागदी तिकीट विकत घेतलंस की मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का मार. मी मारला नव्हता आणि साध्या कपड्यातल्या तिकीट तपासनिसाने पकडलं, तेव्हा अर्धा तास "ही फसवणूक आहे" म्हणून भांडलो. फसवणूक अजिबात नव्हती. धातूचा बिल्ला होता, पावती होती, तिकिटावर सूचनाही होती. चूक शंभर टक्के माझी. पण फोरिंटनंतर मला प्रत्येक गणवेशाच्या आणि बिनगणवेशाच्या माणसात तोच सभ्य गृहस्थ दिसायला लागला होता.

इथल्या टॅक्सीवाल्यांचा एक किस्सा मात्र मी सगळ्यांना सांगतो. २००५ मध्ये पावेल बेम हे प्रागचे महापौर होते. टॅक्सीवाले परदेशी लोकांना लुटतात या तक्रारी ऐकून त्यांनी नकली मिशी-दाढी लावली आणि इटालियन पर्यटक बनून टॅक्सीत बसले. अधिकृत भाड्याच्या पाचपटीहून जास्त पैसे घेतले त्यांच्याकडून! ज्या शहराचे महापौर, तिथेच. लोक या गोष्टीला हसतात. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला हसू आलं नाही, उलट बरं वाटलं. म्हणजे फसायला मूर्ख असावं लागत नाही, मिशी पुरते. घरी जाऊन त्यांना ती काढता आली, एवढाच आमच्यात फरक. मी इथे कर भरतो, ट्रामचा वर्षाचा पास बाळगतो, वरच्या मजल्यावरच्या आजींच्या पिशव्या उचलून देतो, तरी त्या चौकात शिरलो की माझ्या चेहऱ्यावर "आजच विमानातून उतरला" असं लिहिलेलं असतं. पैशांपेक्षा मला हेच जास्त लागायचं. शंभर युरो गेले ते गेले. पण त्या गृहस्थाने गर्दीतून बरोबर मला निवडलं होतं.

यावर उतारा म्हणून भाषा शिकलो. खरं सांगायचं तर दोनशे-तीनशे शब्द आणि बेधडकपणा. "दोब्री देन" म्हणून आत शिरलं आणि बिल चेकमध्ये मागितलं की समोरच्याच्या डोळ्यांत काहीतरी हिशेब बदलतो, हे मी अनेकदा पाहिलंय. त्यामुळे येण्याआधी तू आकडे तरी पाठ कर. एकपासून हजारपर्यंत. कविता नंतर वाच.

पण आता जे सांगतो ते तुझ्यापाशीच ठेव.

माझ्या घराखाली एक होस्पोदा आहे, म्हणजे आपला गल्लीतला साधा बिअरचा गुत्ता. तिथे टेबलावर कागदाची पट्टी असते. वेटर दर ग्लासामागे त्यावर पेन्सिलीने एक रेघ ओढतो, शेवटी रेघा मोजून पैसे. ग्लास संपत आला की दुसरा न मागता येतो. नको असेल तर ग्लासावर खालची चकती ठेवायची. ग्लासावर अर्ध्या लिटरची खूण असते, आणि बिअर त्या खुणेखाली दिसली की तिथले म्हातारे असा गलका करतात की काय सांगू! मापात मारण्याबद्दलचा संशय हा त्यांचा घरचा खेळ आहे. मला वाटलं, आपणही खेळावं.

एका शुक्रवारी पट्टीवर पाच रेघा होत्या. मी चार प्यायलो होतो. वेटरला बोलावलं आणि माझ्या त्या दोनशे शब्दांत, जरा मोठ्याने, म्हणालो की तू परदेशी माणूस बघून एक रेघ जास्त मारलीस. टेबल गप्प झालं. शेजारचे एक आजोबा, ज्यांच्याशी मी वर्षभरात हवामानापलीकडे बोललो नव्हतो, हळूच म्हणाले, "पाचच आहेत. पहिली तू दाराशी उभा राहून प्यालास. जागा नव्हती तेव्हा."

खरंच प्यालो होतो. वेटर काही बोलला नाही. खिशातून पेन्सिल काढली, पाचवी रेघ खोडली, चारचे पैसे घेतले आणि गेला. मी पाचव्याचे टेबलावर ठेवून आलो, तर दुसऱ्या दिवशी ते कागदात गुंडाळून माझ्या नावाने काउंटरवर ठेवलेले होते. त्यानंतर जवळजवळ तीन महिने माझा दुसरा ग्लास कधीच आपोआप आला नाही. दर वेळी हात वर करून, "प्रोसीम" म्हणून, पर्यटकासारखा मागावा लागला. माफी मागितली, ती त्याने मान हलवून घेतली. ग्लास मात्र आला नाही. मग फेब्रुवारीत एका बर्फाच्या संध्याकाळी, मी आजोबांशी काहीतरी बोलत होतो, वर न बघताच, आणि समोर भरलेला ग्लास आदळला गेला. रेघ ओढली. वेटर तोवर पुढच्या टेबलाशी पोचला होता. मी ती रेघ बराच वेळ बघत बसलो.

तेव्हा इथे आल्यावर कुणावर ओरडायच्या आधी माझ्याकडे ये. आणि त्या डॉक्टरवर मात्र आत्ताच संशय घे, त्याला काही वाटणार नाही. इमारतीचा पत्ता, मजला आणि मालकाचं नाव मला आज रात्रीच पाठव. जमिनीची आणि घरांची नोंदवही इथे सार्वजनिक असते, फ्लॅट कुणाच्या नावावर आहे ते मी पाहतो. शनिवारी सकाळी स्वतः जाऊन बेलही वाजवतो. मांजर आहे का तेही बघतो. तोवर कंपनीला विचार की पहिले दोन महिने त्यांच्याकडून राहायची सोय आणि तिचा कागद मिळेल का. बहुतेक देतात, मागावं लागतं इतकंच. नाहीच जमलं तर माझ्या घरमालकिणीशी बोलतो. माझ्या बाहेरच्या खोलीत सोफा आहे. कुंड्या नाहीत.

वहिनींना आणि काकूंना नमस्कार सांग. आणि पत्ता पाठव, विसरू नकोस.

तुझा,
पक्या