भाकरीने काय घोडे मारले?

महोदय,

‘पॅलिओ’ आहाराचे वारे आता आमच्या सोसायटीतही शिरले आहे. भाकरी, वरण, दही बंद. अंडी, मटण, भाज्या, बदाम सुरू. शेती येण्यापूर्वी, म्हणजे सुमारे १०,००० वर्षांआधी माणूस जे खात होता तेच खायचे, असा हा विचार. १९८५ मध्ये ईटन आणि कॉनर या अमेरिकी अभ्यासकांनी तो एका वैद्यकीय नियतकालिकात मांडला.

मीही चार महिने करून पाहिले. साखर, मैदा आणि पाकीटबंद चिवडा सुटला, वजन उतरले. ते श्रेय देतोच. पण मोझांबिकमधल्या एका गुहेत सुमारे १ लाख वर्षांपूर्वीच्या दगडी हत्यारांवर रानज्वारीच्या पिष्टाचे कण सापडले आहेत. मग आमच्या भाकरीनेच काय घोडे मारले?

खरी गोम चालण्यात आहे. टांझानियातले हाड्झा लोक आजही शिकार करतात, कंद खणतात, मधही भरपूर खातात. त्यांचे पुरुष रोज सरासरी ११ किलोमीटर चालतात, बायका सहाच्या आसपास. आमचे ‘आदिमानव’ मात्र कोपऱ्यावरून मटण आणायलाही स्कूटर काढतात!

मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय धान्य एकदम तोडू नये. मी भाकरी-वरणावर परतलो आहे. साखर बंदच आहे. रोज पहाटे पर्वती चढतो. हाड्झांचे ११ किलोमीटर अजून जमलेले नाहीत.

— एक वाचक, पुणे