दक्षिण आल्प्स ज्वालामुखीजन्य नव्हेत

महोदय,

रविवार पुरवणीतील न्यूझीलंडविषयक प्रवासलेखात दक्षिण आल्प्स पर्वत ज्वालामुखीमुळे उभा राहिल्याचे म्हटले आहे, ते बरोबर नाही. सह्याद्रीचा बेसाल्ट पाहत वाढलेल्या आपल्या नजरेला प्रत्येक डोंगर लाव्हाचा वाटावा, हे समजण्याजोगे आहे. परंतु तेथील खडक मुळात समुद्रतळावर साचलेली वाळू व चिखल असून, जमिनीखाली खोलवर दाब आणि उष्णता यांमुळे त्यांचे रूपांतरण होऊन अभ्रकाचे चकाकते पापुद्रे असलेला शिस्ट तयार झाला.

हा शिस्ट वर आणला तो आल्पाइन प्रस्तरभंगाने, म्हणजे भूकवचातील लांबलचक भेगेने. या भंगाच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकल्या, त्या जवळजवळ ४८० किलोमीटर. दक्षिण बेटावरील एकमेकांपासून दूर असलेल्या नेल्सन आणि ओटागो या प्रदेशांतील जुळणाऱ्या खडकांवरून भूवैज्ञानिक हॅरल्ड वेलमन यांनी हे ओळखले. त्याबरोबरच पूर्वेकडील बाजू उचलली जाते, म्हणून भंगालगत सर्वांत खोलातून आलेला, गार्नेट या खनिजाने युक्त शिस्ट दिसतो, तर पूर्वेकडे जावे तसतसे आधी बायोटाइट, मग क्लोराइट या खनिजांचा, म्हणजे कमी कमी रूपांतरित झालेला शिस्ट आणि शेवटी जेमतेम रूपांतरित झालेला वालुकाश्म लागतो. लेखात छायाचित्र असलेले आओराकी (माउंट कुक) शिखर याच शेवटच्या प्रकारच्या खडकाचे आहे.

शिस्ट पापुद्र्यांच्या दिशेने सहज सुटतो, त्यामुळे तेथे दरडी वारंवार कोसळतात. या भंगावरील शेवटचा मोठा भूकंप १७१७ च्या सुमारास झाला. पर्यटकांसाठी लिहिताना एवढा उल्लेख तरी हवा होता.

— एक वाचक, कुडाळ