नायट्रेट ‘मर्यादेत’, पण कोणत्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरी पाणीपुरवठ्याच्या अहवालांत गढूळपणा, क्लोरीन आणि जिवाणूंची नोंद ठळकपणे असते. नायट्रेट व नायट्राइट या पाण्यात विरघळणाऱ्या, नायट्रोजन-ऑक्सिजनच्या संयुगांची मात्र ‘मर्यादेत’ एवढ्यावर बोळवण केली जाते. जागतिक आरोग्य संघटनेची नायट्रेटसाठीची मर्यादा लिटरमागे ५० मिलिग्रॅम आहे आणि अमेरिकेची १०. पण हे १० केवळ त्यातील नायट्रोजनचे वजन असून नायट्रेट म्हणून मोजल्यास तेही ४४च्या घरात जाते. म्हणजे अहवालात नुसते ‘१२’ छापले, तर ते निर्धास्त राहण्याजोगे की मर्यादा ओलांडणारे, हे मोजण्याची पद्धत लिहिल्याशिवाय कळणार नाही. वार्षिक सरासरीही फसवी असते, कारण खते आणि मैलापाणी झिरपलेल्या भूजलात किंवा पावसानंतरच्या नदीत हे प्रमाण काही आठवडेच चढते आणि वरच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाला तेवढे आठवडे पुरेसे असतात. नायट्रेटपासून शरीरात तयार होणारे नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटवते आणि बाळाचे ओठ, नखे निळसर पडू लागतात. हा संबंध १९४५ सालीच अमेरिकेतील आयोवामध्ये विहिरीच्या पाण्यावरून नोंदला गेला होता.

अशा वेळी पालक काय करतात? बाळाचे पाणी अधिक वेळ उकळतात. उकळल्याने जिवाणू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. क्लोरीन, वाळूची गाळणी किंवा कोळशाचा साधा फिल्टर यांचाही येथे उपयोग नाही. त्यासाठी आरओ किंवा आयन-विनिमयासारखी प्रक्रियाच लागते, आणि ती प्रत्येक घराने आपापली पाहावी असे म्हणणे म्हणजे यंत्रणेने हात झटकणे होय.

नायट्राइटची गोष्ट आणखी निराळी. निर्जंतुकीकरणासाठी क्लोरामाइन (क्लोरीन व अमोनियाचे संयुग) वापरले जाते तेथे त्यातून सुटलेल्या अमोनियाचे लांबलचक, उबदार आणि पाणी साचून राहणाऱ्या वाहिन्यांत जिवाणूंमुळे नायट्राइट होते. शुद्धीकरण केंद्रातून निघालेला नमुना निर्दोष आणि शेवटच्या नळाचा सदोष, असे त्यामुळे घडू शकते. तरीही नमुना केंद्रातच घेऊन समाधान मानायचे असेल, तर ती तपासणी केंद्राची झाली, नागरिक पितात त्या पाण्याची नव्हे.

म्हणून वाहिन्यांच्या टोकाचे व साठवण टाक्यांचे नमुने घेऊन, प्रत्येक स्रोताचा त्या महिन्यातील कमाल आकडा, मोजण्याच्या पद्धतीसह जाहीर करावा. मर्यादा ओलांडली गेल्यास बाळाच्या दुधासाठी ते पाणी उकळूनही वापरू नये, ही सूचना त्याच दिवशी घरोघरी पोहोचावी आणि पर्यायी पाण्याची सोयही यंत्रणेनेच करावी.

आपला विश्वासू,
एक वाचक