सुयांत दोरा ओवून देणाऱ्या अक्कांना

अक्का, नमस्कार. तुम्ही मराठी फाडफाड बोलता पण वाचायचा कंटाळा करता, म्हणून तुमची लेक हे वाचून दाखवेल असं धरून लिहितेय, आणि असं सगळ्यांसमोर लिहितेय कारण घरी आभार मानायला गेलं की तुम्ही "सोडा की वो" म्हणून चहाचं विचारता.

आज्जी जाऊन वर्ष होत आलं. अजून कुणी भेटलं की तिच्या हातच्या मांड्यांचं काढतात, कुणी तिनं अडीनडीला दिलेल्या पैशांचं. मला त्या सुया आठवतात. शेवटी शेवटी तिला सुईचं नेढं दिसायचं बंद झालं, मोतीबिंदू काढून झाला होता पण दुखणं आतल्या पडद्याचं, डॉक्टर म्हणाले आता आहे एवढंच दिसणार. आम्ही पुण्यात बसून फोनवर शहाणपण शिकवायचो, शिवण बंद कर, आराम कर, टीव्ही लाव. (दिसत नसलेल्या बाईला टीव्ही लाव!) तुम्ही तसलं काही बोलला नाहीत. मागाच्या कांड्या भरायला जायच्या आधी यायचात, एकेका सुईत दोरा ओवून, गाठ मारून, उशीवर ओळीनं टोचून ठेवायचात आणि "ऊट आतेन्री?" (जेवण झालं का?) विचारून निघायचात. दोरा पण मागावरचं उरलेलं सूत, दुहेरी करून पीळ देऊन आणलेलं. तेवढ्यावर बाई दिवसभर खूश, बोटानं चाचपत टाका घालायची आणि मी फोन केला की म्हणायची, मी कामात हाय, नंतर कर.

तिचं माहेर बेळगावजवळचं येळ्ळूर, सासर बेळगावातलं वडगाव. आजोबा लवकर गेले, पुढचं सगळं तिनं एकटीनं ओढलं, त्यावर ती स्वतः कधी बोलली नाही म्हणून मीपण लांबण लावत नाही. पण वाकळेबद्दल बोलायला तिला सबंध दुपार कमी पडायची. आत जुनी मऊ सुती लुगडी, वरनं इरकल, सुरुवात कडेनं आणि धावदोरा फिरत फिरत मधे येणार, चार कोपऱ्यांना खणाचे तुकडे. सिंथेटिक साडी कुणी आणून दिली तर तोंडावर परत, "घाम येतंय गे त्यात, पोराला निजवणार काय पुरचुंडी बांधणार?" रंग मात्र असले जुळवायची की आर्ट कॉलेजवाल्यांनी येऊन बघावं, जांभळ्याशेजारी पोपटी आणि मधे एकच लाल पट्टी. आम्ही नातवंडं पायाशी लुडबुडायला लागलो की "काय करूलालीस गे, धर हे टोक" म्हणून कामाला लावायची.

गल्लीत बाळ झालं की बारशाआधी कुंची पोचायचीच. गुळेदगुड्डच्या खणाची, टेलरकडनं मागून आणलेल्या तुकड्यांची, घर मराठी कानडी मुसलमान कुणाचं का असेना, आणि पैशाचं नाव काढलं तर रागवायची, जुनं लुगडं असलं तर दे म्हणायची. 2019 च्या ऑगस्टात घटप्रभेला पूर आला, गोकाककडं लोकांची घरं पाण्यात, तेव्हा तिनं कपाटातल्या सगळ्या वाकळा टेम्पोत भरल्या, माझ्या लग्नासाठी ठेवलेलीसुद्धा. मला थोडा राग आला होता, खरं सांगते. ती म्हणाली तुला रजई विकत मिळतीय.

दिवाळीत अंगणात किल्ला व्हायचा तो दरवर्षी राजहंसगडच, कारण माहेरचा. पोरं म्हणायची यंदा रायगड करूया, ती म्हणायची करा की, पण माती मी आणलीय. आणि 1 नोव्हेंबर आठवतोय ना? आमचे काका बेळगाव महाराष्ट्रात नाही म्हणून काळ्या दिवसाच्या फेरीला, तुमचा मुलगा कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीला, आणि दोघंही उन्हातनं भुकेले होऊन आमच्याच स्वयंपाकघरात! आज्जी दोघांना सारखंच झापायची आणि सारखंच वाढायची.

शेवटची वाकळ अर्धीच राहिली होती. आम्ही ती घडी घालून माळ्यावर ठेवणार होतो, आठवण म्हणून, म्हणजे पुढं उंदरांनीच खाल्ली असती. तुम्ही काही न विचारता उचलून नेलीत आणि पुरी करून आणलीत. आज्जीचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, तुमचे जरा लांब, त्यामुळं तिचं कुठं संपलं आणि तुमचं कुठं सुरू झालं ते बोट फिरवलं की कळतं. ती आता माझ्याकडं आहे, रोज पांघरते, माळ्यावर नाही. त्याबद्दल थँक्यू, आणि त्या सगळ्या सकाळींबद्दल तर खूपच. तुम्ही नसता तर आमच्या काळजीपोटी ती बिचारी नुसती बसून राहिली असती.

आता कामाचं. आज्जीची कात्री आणि ट्रंकेतली सगळी इरकलं तुमच्याकडं पोचवायला काकांना सांगितलंय, ती वापरणारं दुसरं कुणी आमच्यात नाही, नको म्हणू नका. आणि धाकटीला बाळ होणार आहे. कुंची तुम्हीच शिवायची, खण मी घेऊन येते, कुठल्या रंगाचा आणू तेवढं लेकीकडनं कळवा.

तुमची,
आज्जीची मोठी नात